बंद पेटीतला गुलाबी

१

मंगळवारी सकाळी ताईने पहिली लादी खिडकीशी धरली आणि चष्मा पुसला. दुसरी धरली आणि पुन्हा चष्मा पुसला. तिसऱ्या लादीला तिने चष्म्याचा नाद सोडला आणि ओल्या फडक्याने खिडकीची काच पुसून काढली. काच स्वच्छच होती. लादी गुलाबी होती.

म्हणजे गुलाबी म्हणून चारचौघांत दाखवावी एवढीही नव्हती. थंडीतून घरात आलेल्या माणसाच्या कानाची पाळी असते, तेवढीच. पण या कारखान्यात तेवढ्यावर माणसं घरी बसायची. इथे तळहाताएवढ्या पांढऱ्या लाद्या भाजल्या जायच्या. कागद करणारे, रंग करणारे, पिठाच्या गिरण्या चालवणारे त्या टेबलावर ठेवायचे आणि आपापला पांढरा त्यांच्याशी ताडून बघायचे. ही लादी म्हणजे पांढऱ्याचं माप. मापालाच लाज वाटू लागली तर कसं व्हायचं?

कोणती लादी माप आणि कोणती भंगार, हे तेवीस वर्षं ताई ठरवत आली होती. ती इथली पारखी. सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले मालकसुद्धा. तिने मागच्या बाजूला शिक्का मारला की विषय संपला.

त्या सकाळी तिच्यासमोर नऊ पेट्या फोडल्या गेल्या होत्या. भट्टीत लादी उघडी ठेवत नाहीत. धूर, राख, काजळी, काय काय बसेल अंगावर. म्हणून भाजलेल्या मातीच्या जाड पेटीत आठ-आठ लाद्या उभ्या लावायच्या, वर झाकण ठेवायचं, फटीत ओली माती भरायची, आणि मग पेटी आगीत. पेट्या करणारे आणि भरणारे एकच, पेटीकाका. फटीतल्या मातीवर ते चार ठिकाणी अंगठा दाबत. त्यांच्या अंगठ्यावर आडवा जुना व्रण होता, त्यामुळे त्यांचा ठसा दुसऱ्या कोणाला जमण्यातला नव्हता. नऊ पेट्यांचे छत्तीस ठसे ताईने स्वतः मोजले होते. एकालाही धक्का लागला नव्हता. मगच काकांनी त्या मातीला छिन्नी लावून झाकणं उघडली.

मग बंद पेटीत हा रंग शिरला कुठून?

मालक आले. त्यांनी तीन लाद्या पाहिल्या, चौथी पाहिली नाही. पेट्यांबद्दल एक शब्द विचारला नाही. एवढंच म्हणाले, "झिलई कोणी कालवली होती?"

झिलई, म्हणजे लादीवर भाजला जाणारा पांढरा चकाकता थर, कालवली होती ताईच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने.

२

कथिलाच्या पांढऱ्या झिलईत चिमूटभर क्रोम पडलं की गुलाबी होतं, हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक कारखान्यात ठाऊक होतं. क्रोम असतं हिरव्या झिलईत. पांढऱ्याची बादली आणि हिरव्याची बादली एकाच खोलीत, दोन हातांच्या अंतरावर. मालकांना पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. दुपारी ते झिलईच्या खोलीत गेले, आणि हिरव्या बादलीतली ढवळायची काठी पांढऱ्या बादलीवर आडवी पडलेली त्यांना दिसली. झालं.

शनिवारी दुपारी बारा वाजता चिठ्ठी निघणार होती. ही तिथली पद्धत. मोठा माल बिघडला की बिघडवणाऱ्याचं नाव लिहून चिठ्ठी रस्त्यावरच्या बाकीच्या भट्ट्यांना पाठवायची. ज्याचं नाव चिठ्ठीत गेलं त्याला पुन्हा कोणी मातीला हात लावू देत नसे. धाकटीला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला दुसरं काही आवडतही नव्हतं.

ताईने मालकांकडे शनिवारपर्यंतची मुभा मागितली.  मालकांनी खांदे उडवले आणि बघा म्हणाले.

ती वही घेऊन धाकटीकडे गेली. धाकटी चाळणी धूत होती. ताईने विचारलं, काठी तिथे कशी आली. धाकटी म्हणाली, असेल माझ्याच हातून. ताईने विचारलं, कधी. धाकटी म्हणाली, असेल कधीतरी. ताईने ते लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता तिचा हात थांबला. ही तीच मुलगी होती, जी लहानपणी कपाचे तुकडे हातात असतानाही कप आपण फोडला नाही म्हणून दोन दिवस भांडली होती. तिच्या वेण्या ताईनेच घातल्या होत्या. कबूल करणं तिच्या अंगातच नव्हतं.

"खरं सांगतेस?" ताईने विचारलं.

"लिहून घेतलंस ना," धाकटी म्हणाली, "मग झालं."

जाताना ताईने काठी उचलून पाहिली. तिच्यावरचं हिरवं वाळून कडक झालं होतं आणि त्यावर धूळ बसली होती. पांढऱ्या बादलीत ती बुडाली असती तर धूळ राहिली नसती.

मग ती काठी तिथे ठेवली कोणी?

३

ताईच्या वहीतलं पान, बुधवार:

~~धाकटीने चुकून हिरवं पांढऱ्यात मिसळलं.~~ काठी कोरडी. शिवाय नऊही पेट्यांतल्या लाद्यांची झिलई एकाच बादलीतली. आणि नववी पेटी पांढरीशुभ्र.

~~कोणीतरी मुद्दाम मिसळलं.~~ तेच. नववी पेटी.

~~कोणीतरी पेटी उघडून आत क्रोमची पूड टाकली.~~ ठसे. छत्तीस.

~~काकांनीच भरताना टाकली.~~ काका? कशाला? आणि पूड पडली असती तर लादीवर ठिपके दिसले असते. ठिपका एकही नाही.

~~माझे डोळे गेलेत.~~ मालकांनाही दिसलं. दुर्दैवाने.

पानाच्या खाली तिने पेटीचं चित्र काढलं होतं. आठ लाद्या, एकीमागे एक, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. पहिलीचं तोंड पेटीच्या भिंतीकडे, दुसरीचं पहिलीच्या पाठीकडे, तिसरीचं दुसरीच्या पाठीकडे. मग तिने चौसष्ट बिघडलेल्या लाद्या त्याच क्रमाने टेबलावर मांडल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे बघत बसली. भिंतीकडे तोंड असलेली पहिली लादी पूर्ण गुलाबी. दुसरी फक्त कडांना. तिसरी त्याहून कमी. मधल्या जवळजवळ पांढऱ्या. आठही पेट्यांत हेच.

बघून बघून शेवटी तिने मान वर केली तर समोरची पांढरी भिंत तिला हिरवट दिसली. तिने डोळे मिटले, उघडले. हिरवं गेलं. फार वेळ गुलाबी बघितलं की असं होतं, हे तिला ठाऊक होतं, तरी तिने भिंतीकडे पुन्हा एकदा बघून घेतलं. आता कशावर विश्वास ठेवायचा?

तिने मालकांना मांडणी दाखवली. रंग झिलईत असता तर लादी सगळीकडे सारखी रंगली असती, हा भिंतीच्या बाजूने आलाय, असं तिने सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी एक रिकामी पेटी उचलून तिच्या हातात दिली. बोटभर जाडीची भाजलेली माती.

"ताई," ते म्हणाले, "हिच्यातून?"

पुन्हा २

तिला वाटलं, आपण चुकीच्या माणसापासून सुरुवात केली. म्हणून तिने पहिल्यापासून सुरुवात केली.

पेटीकाका शेडमध्ये माती तुडवत होते. तिला पाहून ते थांबले, आणि तिने तोंड उघडायच्या आत कबूल करून मोकळे झाले. चूक त्यांचीच होती म्हणे. जुन्या पेट्या चौथ्या-पाचव्या खेपेला तडकायच्या, म्हणून या खेपेच्या पेट्या करताना त्यांनी मातीत लाकडाचा भुसा जास्त घातला होता. भाजताना भुसा जळून जातो, माती हलकी होते, आणि आग बसली-उठली तरी तडकत नाही. एकही नवी पेटी तडकली नव्हती. हे सांगताना त्यांचा चेहरा गुन्हेगाराचा कमी आणि पोराचा निकाल सांगणाऱ्या बापाचा जास्त दिसत होता.

आणि दुसरी गोष्ट. पूर्वी पेटीला आतून काचेसारखा लेप द्यायची रीत होती. तो लेप त्यांनी बंद केला होता. का? तर लेपाचे टवके सुटून लाद्यांवर पडायचे, आणि ताई त्या लाद्या भंगारात टाकायची. तिचा त्रास वाचावा म्हणून. नववी पेटी तेवढी जुनी, लेपाची. एक पेटी कमी पडली म्हणून भरली होती.

ताई गोंधळली. हा गुन्हा होता की उपकार?

तिने विचारलं, पेटी चांगली की वाईट हे कसं ओळखता. काकांनी एक नवी पेटी उचलून बोटाच्या पेराने वाजवली. खणखणीत वाजली. तड असेल तर बद्द वाजते, ते म्हणाले. इथे सगळे असंच बघतात, त्यांचे वडीलही असंच बघायचे. वाजली की पेटी बंद. आणि पेटी बंद आहे, मग चिंता कसली, असं तर ठरलंच होतं.

"कोणी ठरवलं होतं?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर पडताना माणूस बघतो, तसं. मग ते म्हणाले की माती वाळतेय, आणि पुन्हा तुडवायला लागले.

४

भट्टीवाला प्रत्येक गोष्टीला सावकाश म्हणायचा, म्हणून त्याचं नावच सावकाश पडलं होतं. गुरुवारी सकाळी त्याने दिलेली उत्तरं ताईच्या वहीत अशी उतरली. प्रश्न लिहायला तिला वेळ मिळाला नाही. उत्तरं प्रश्नांच्या आधीच येत होती.

"हो, भट्टी माझीच. चूकही माझीच. लिहा."

"भट्टीचं तेल नळीत अडकलं होतं. दोनदा. आग बसली, तासाभराने परत चढवली. दोन्ही वेळा."

"पूर्ण बसू दिली नाही. पण उतरली खरी."

"नाही, पेट्या तडकल्या नाहीत. काकांच्या पेट्या आहेत."

"खालच्या रांगेत? बरण्या होत्या."

"हिरव्या."

"पूर्वी नव्हतो लावत. पूर्वी पांढऱ्याचा दिवस वेगळा आणि हिरव्याचा वेगळा."

"का ते कोणाला ठाऊक. माझ्या आधीच्या भट्टीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. मला विचारलंत तर वेडेपणाच होता, अर्धी भट्टी रिकामी जायची."

"हिरव्याबरोबर लावलेली चौथी खेप ही. आधीच्या तीन खेपांना काकांच्या जुन्या पेट्या होत्या."

"पेटी बंद आहे, मग चिंता कसली."

"कोणी म्हटलं ते... सावकाश, ताई. आठवेल."

"मी कुठे बघतोय तुमच्याकडे?"

साडेचार

तिघांनी गुन्हा कबूल केला होता, तिघांचे गुन्हे वेगवेगळे होते, आणि एकाच्याही गुन्ह्याने लादी गुलाबी होत नव्हती.

५

गुरुवारी दुपारी ताईने जेवणाचा डबा न उघडता ठेवला. नवी पेटी आणि जुनी पेटी शेडबाहेरच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी मांडली, आणि दोन्हींत पाणी ओतलं. काका दारात येऊन उभे राहिले. त्यांना ते आवडलं नाही. पाण्यासाठी पेटी कोणी करतं का, असं काहीतरी पुटपुटले.

ताईने मनात चाळीस अंक मोजले. जुनी पेटी बाहेरून कोरडी होती. नवीच्या अंगावर घाम आला होता. तड नाही, फट नाही, नुसता बारीक घाम, चारही बाजूंनी.

म्हणजे भुसा जळून गेला होता, पण त्याची जागा तिथेच राहिली होती. लाखो बारीक भोकं, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. वाजवून ती कळत नाहीत. तडीचा आवाज होतो, भोकाचा होत नाही. आणि आतला लेप असता तर त्याने ती बुजवली असती.

इथवर आली आणि पुन्हा अडकली. पाण्याला वजन असतं, ते खाली ओढ घेतं. पण भट्टीतला वायू पेटीत कशाला शिरेल? त्याला आत ढकलतंय कोण?

ती भट्टीशी जाऊन बसली. सावकाश तेलाची नळी साफ करत होता. ताईने त्याला पुन्हा विचारलं, आग बसली म्हणजे नक्की काय झालं. त्याने हाताने दाखवलं: चढली, बसली, चढली, बसली, चढली. त्याचा हात छातीशी वरखाली होत होता. ताईने त्या हाताकडे पाहिलं, आणि एकदम तिला आपला स्वतःचा श्वास ऐकू आला.

पेटी तापली की आतली हवा फुगते. फुगली की भोकांतून बाहेर पडते. आग बसली की आत उरलेली हवा आकसते, आणि रिकामी झालेली जागा तशी राहत नाही. बाहेरचं आत ओढलं जातं. बाहेर काय होतं? खालच्या रांगेतल्या बरण्यांवरचं क्रोम. एवढ्या आगीत त्याचा अंश उडत असणार आणि भट्टीभर फिरत असणार. आग बसली तेव्हा पेटी श्वास आत घेत होती. आणि आग स्थिर असतानाही थोडं थोडं झिरपत असणारच, कारण वायू एका जागी बसत नाही, आणि तापलेला तर मुळीच नाही. भिंतीतून आत आला की समोर पहिली लादी. तिच्यावर कथील. उरलासुरला कडांनी मागच्या लादीकडे. टेबलावरची मांडणी जशीच्या तशी.

हे तिने मालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की हे ऐकायला छान आहे. मग दाखवते, ती म्हणाली.

छोटी भट्टी तिने गुरुवारीच दुपारी लावायला सांगितली. एक नवी पेटी, एक जुनी. दोन्हींत धाकटीच्या त्याच बादलीतल्या झिलईच्या लाद्या, मालकांनी स्वतःच्या हातांनी लावलेल्या. खाली हिरवी बरणी. शुक्रवारी सकाळपासून आग चढवली, मालकांच्या घड्याळावर दोनदा उतरवली आणि पुन्हा चढवली. शनिवारी दहा वाजता भट्टी हात लावण्याजोगी झाली. अंगणात सगळे जमले.  ताईचं एक मन म्हणत होतं की दोन्ही गुलाबी निघतील, आणि मग काय.

काकांनी जुनी पेटी फोडली. पांढरी.

नवी फोडली.

मालकांनी पहिली लादी उचलली आणि उन्हात धरली. ती लादी कानाच्या पाळीसारखी नव्हती. गालासारखी होती.

"झिलई सुटली," ते म्हणाले. "तुमच्या बहिणीची बादली निर्दोष. पण माल बिघडला तो बिघडलाच. आता मला एवढंच सांगा, पांढऱ्याबरोबर हिरवं लावायला कोणी सांगितलं?"

काकांनी जमिनीकडे पाहिलं. सावकाशने आकाशाकडे. आणि धाकटी पुढे येऊन म्हणाली, "मी."

५, तिथेच

ती खोटं बोलत होती. एवढं तरी ताईला कळत होतं. चार खेपांपूर्वी, हिरव्या बरण्यांची मागणी आली त्या आठवड्यात धाकटी तापाने अंथरुणात होती, आणि तिच्या डोक्यावर ओली पट्टी ताईच ठेवत होती. ताईने तसं मालकांना सांगितलं. धाकटीने तिच्याकडे असं पाहिलं की एखाद्याला वाटावं ताईने तिला वाचवलं नाही, बुडवलं.

ताईला काही सुधरेना. बहीण सुटतेय, तर ही गळ्यात पुन्हा दोर का अडकवून घेतेय? काका का बोलत नाहीत? आठवडाभर सगळे तिच्याशी इतक्या मऊ आवाजात का बोलत होते? ती सावकाशकडे वळली.

"ते वाक्य," ती म्हणाली. "पेटी बंद आहे, मग चिंता कसली. ते ज्याने म्हटलं, ज्या शब्दांत म्हटलं, तसंच्या तसं म्हणून दाखवा. सावकाश नाही. आत्ता."

सावकाशने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान हलवून नको म्हटलं. तरी तो खालच्या आवाजात म्हणाला:

"अहो पेटी बंद आहे ना, मग चिंता कसली, लावा की काय लावायचं ते. तुमच्या या प्रश्नांपायी माझ्या चहाचं पाणी झालं."

 ताईला वाक्य आठवलं नाही. चहा आठवला. छाननीच्या खोलीचं दार, हातात कप, दारात हा उभा, पुढ्यात अडीचशे लाद्या तपासायच्या पडलेल्या आणि घरी तापात पडलेली बहीण. त्याने बाकीचा माल बरोबर लावू का असं विचारलं होतं. कोणता माल, ते तिने विचारलं नव्हतं. तो मालकांकडे न जाता तिच्याकडे आला होता, कारण लाद्यांबद्दल तिचा शब्द शेवटचा असे.

अकरा वाजून गेले होते.

पुन्हा १

झिलईच्या खोलीत दोघीच होत्या. दार ताईने लावून घेतलं होतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"मंगळवारपासून. गुलाबी म्हणजे क्रोम. क्रोम भट्टीत कुठे होतं ते सावकाशने सांगितलं, आणि कोणाच्या सांगण्यावरून ते पण. आत कसं शिरलं ते मला कळलं नव्हतं. पण हिरव्याचा विषय निघाला की तुझं नाव निघणार, एवढं कळत होतं. म्हणून त्या दोघांची तोंडं बंद केली."

"आणि काठी?"

"मीच ठेवली. मालकांना काहीतरी दिसायला हवं होतं ना." तिने बादलीच्या कडेवरचा थेंब बोटाने निपटला. "माझं काय, ताई. मी घरामागे एखादी चूल रचून कुंड्या तरी भाजेन. हात आहेत. तुझी नुसती नजर. एकदा चुकलेली नजर कोण ठेवून घेतं?"

 ताईला राग आला होता, पण तो कोणावर काढावा हे ठरत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "मी तुला विचारलं होतं. खरं सांगतेस का म्हणून. तेव्हाच बोलली असतीस तर?"

"विचारलंस," धाकटी म्हणाली. "वही उघडून विचारलंस. काकांना विचारलंस, सावकाशला विचारलंस, तसंच. एकदा वही मिटून विचारलं असतंस तर कदाचित बोलले असते."

बाहेर काकांच्या खोकल्याचा आवाज आला. ते दाराशीच उभे होते, हे उघड होतं.

"गाढव आहेस," ताई म्हणाली.

"तूच वाढवलंस."

६

चिठ्ठीचा कागद मालकांच्या टेबलावर तयार होता. धाकटीचं नाव त्यांनी आधीच खोडलं होतं. ताई आत आली तेव्हा ते पेनाचं टोपण लावत-काढत बसले होते. ते म्हणाले की त्यांनी विचार केला आहे. लेप काकांनी बंद केला, आग सावकाशची बसली, मालाची यादी त्यांनी स्वतःही नीट वाचली नव्हती. चौघांत वाटलं तर कोणाच्याच वाट्याला फारसं येत नाही. भट्टीचा दोष असं लिहून टाकू. तेवीस वर्षांत ताईकडून एक चूक झाली, ती कोणाला सांगायची काय गरज.

ताईने कागद आपल्याकडे ओढला. ती म्हणाली की भट्टीचा दोष लिहिला तर पुढच्या वर्षी शेजारच्या भट्टीवर हेच होईल, आणि तिथेही कोणाची तरी बहीण बादलीपाशी उभी असेल. पांढऱ्याचा आणि हिरव्याचा दिवस वेगळा, हे सगळ्यांना पाठ होतं. का वेगळा, हे कोणीतरी कधीतरी सांगायचं विसरलं. कारण गेलं, नुसती रीत राहिली, आणि कारण नसलेली रीत मोडायला एक कप चहा पुरला.

मग तिने लिहिलं. 

पांढऱ्या कथिलाच्या लाद्या आणि क्रोमचा हिरवा माल एका भट्टीत लावू नये. मातीची पेटी बंद दिसते, खणखणीत वाजते, तरी आगीत ती बंद नसते. हिरव्यातला वायू तिच्या अंगातून आत जातो. आग बसली की जास्त जातो. लेप असल्यास जात नाही. हे ठाऊक नसताना परवानगी मी दिली.

खाली तिने आपलं नाव घातलं.

मालकांनी ते दोनदा वाचलं. मग ते म्हणाले, चिठ्ठी अशी गेली तर त्यांना तिला पारखीच्या टेबलावर ठेवता येणार नाही. गिऱ्हाईक विचारेल, माप कोण ठरवतं. ताई म्हणाली की ते तिला ठाऊक आहे. तिने शिक्का खिशातून काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो खणात टाकला, खण बंद केला, पुन्हा अर्धा उघडला, आणि काय करावं न कळून तसाच ठेवला. काकांच्या शेडमध्ये एक माणूस कमी आहे, ते म्हणाले, लेप पुन्हा सुरू करायचा तर लागेलच कोणीतरी. वर्षभर तरी. नंतर बघू.

बाराला पाच कमी असताना चिठ्ठी निघाली.

सोमवारी सकाळी ताई शेडमध्ये खालच्या पाटावर बसली होती. कमरेला काकांनी दिलेलं फडकं, हातात रुंद ब्रश, मांडीवर पेटी. तेवीस वर्षं दुसऱ्याच्या हातातलं बघितलेलं काम स्वतःच्या हातात किती वेगळं लागतं, हे तिला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं होतं. लेप एका ठिकाणी जाड बसत होता, दुसरीकडे ओघळत होता. तिच्या जुन्या नजरेला तो पसंत पडत नव्हता आणि नव्या हाताला त्याहून चांगला जमत नव्हता.

धाकटी लेपाची नवी बादली घेऊन आली. ती बादली खाली ठेवून जाईल असं ताईला वाटलं. ती गेली नाही. तिने ताईच्या मांडीवरची पेटी उचलली, दारातल्या उजेडाशी नेली, आतून फिरवून फिरवून पाहिली, डोळे बारीक करून, एक भुवई वर चढवून. ताई ज्या तऱ्हेने लादी बघायची, अगदी त्याच तऱ्हेने. मग पेटी परत ताईच्या मांडीवर ठेवली.

"कोपरे राहिले, ताई," ती म्हणाली. "पुन्हा कर."